मदत हवी आहे: आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्डसाठी ६५० वॉटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) पुरेल का?

पीसीत रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि जुना ४५० वॉटचा एसएमपीएस. आता आरटीएक्स ३०७० लावलंय तर जड गेम सुरू केला की पीसी एकदम बंद होतो, ब्ल्यू स्क्रीन वगैरे काही नाही, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल पॉवर ४१ (पीसी नीट शटडाउन न होता बंद झाल्याची नोंद) दिसतं.

टेंपरेचर बघितलं, नॉर्मल आहे. रॅम टेस्ट केली, ड्रायव्हर काढून परत टाकला, कार्डला दोन वेगळ्या केबल दिल्या, तरी तेच. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणलं की मात्र तासन्‌तास व्यवस्थित चालतं, म्हणून संशय एसएमपीएसवरच आहे.

हिशोब केला तर कार्ड २२० वॉट, प्रोसेसर फार तर ८८, बाकी सगळं धरून ४०० च्या आतच येतं, पण कार्डचे क्षणभराचे स्पाइक (अचानक जास्त वीज खेचणं) याच्या बरेच वर जातात म्हणे. एनव्हिडिया या कार्डसाठी ६५० वॉटचा एसएमपीएस सांगते.

ओव्हरक्लॉक करत नाही, पुढे मोठं कार्डही घ्यायचं नाही, कॅबिनेटमध्ये साधा एटीएक्स (नेहमीच्या मापाचा) एसएमपीएस बसतो. ८० प्लस गोल्ड हे एफिशियन्सीचं रेटिंग आहे, स्पाइक झेलण्याचं नाही, हे माहितीये, त्यामुळे नुसतं 'गोल्ड घे' नका सांगू प्लीज. चांगल्या क्वालिटीचा ६५० हे स्पाइक झेलेल का, की ७५० च घ्यावा?