कालच्या सिनेमातला आवाज कोणाचा?

रविवार, सकाळी ८:१२

नाना (ए-१०१): सुप्रभात. काल क्लब हाऊसमध्ये 'माय फेअर लेडी' दाखवल्याबद्दल कमिटीचे आभार. ऑड्री हेपबर्न काय गायली आहे हो! रात्री झोपेतही तेच ऐकू येत होतं.

सेक्रेटरी: धन्यवाद नाना. १४ खुर्च्या तशाच पडल्या आहेत. ज्यांच्या त्यांनी येऊन लावाव्यात ही विनंती.

काकू (बी-३०४): नाना, ती गायलेलीच नाही.

नाना (ए-१०१): कोण?

काकू (बी-३०४): हेपबर्न. दिसते ती, गाते दुसरीच. मार्नी निक्सन.

नाना (ए-१०१): मी नावं शेवटपर्यंत वाचली. असं नाव कुठेही नव्हतं.

काकू (बी-३०४): नव्हतंच ना. तीच तर गंमत आहे. सी-६०२ ताई, डबिंग तुझ्या लाइनीतलं आहे, तूच सांग. माझी पोळी तव्यावर आहे.

ताई (सी-६०२): लोकलमध्ये आहे, रविवार म्हणून जागा मिळाली. लांब लिहिते, चालेल?

नाना (ए-१०१): लिही. आम्हाला कुठे जायचंय.

ताई (सी-६०२): मार्नीचा जन्म १९३० चा, कॅलिफोर्नियातला. लहानपणी व्हायोलिन, मग गाणं. पोरवयात एमजीएम स्टुडिओत निरोप पोचवायचं काम करायची. १८-१९ वर्षांची असताना मार्गारेट ओब्रायन या बालनटीसाठी गायली. मेरिलिन मन्रोच्या हिऱ्यांच्या गाण्यातले अगदी वरचे चार सूर मार्नीचे, बाकीचं बहुतेक मन्रो स्वतः गायली आहे. म्हणजे नुसतं ठिगळ लावायचं कामही असायचं.

मोठं काम १९५६ चं, 'द किंग अँड आय'. नायिका डेबोरा कार. दोघी कित्येक आठवडे एकत्र तालमी करायच्या. कार कशी उभी राहते, कुठे श्वास घेते, रागावली की जबडा कसा होतो, सगळं मार्नी बघून उचलायची. एका गाण्यात अर्धं बोलणं आणि अर्धं गाणं आहे. तिथे दोघी शेजारी शेजारी माइकवर उभ्या, बोलणं कारचं आणि गाणं हिचं. ऐकताना सांधा सापडत नाही. आणि स्टुडिओने बजावलेलं, बाहेर बोललीस तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही.

डी-२०१: मग कळलं कसं?

ताई (सी-६०२): कारनेच सांगून टाकलं. मोठ्या मनाची बाई.

सेक्रेटरी: मध्येच लिहितो, माफ करा. आज ११ ते १ पाणी बंद. टाकी धुणार आहेत.

नाना (ए-१०१): हो हो. ताई, पुढे.

ताई (सी-६०२): पुढचा किस्सा मला सगळ्यात जवळचा. १९६१, 'वेस्ट साइड स्टोरी'. नायिका नॅटली वूडने आपली गाणी स्वतः गायली होती आणि तीच राहणार असं तिला वाटत होतं. शूटिंग झालं तिच्याच आवाजावर. नंतर मार्नीला उभं केलं पडद्यासमोर. ओठ आधीच हलून गेलेले! त्या ओठांवर गाणं बसवायचं. हे रोज करते म्हणून सांगते, बोलणं बसवतानाच घाम फुटतो. कानात पायलट, म्हणजे मूळ आवाज, डोळे ओठांवर, एक डोळा कागदावर. 'प-ब-म'ला ओठ मिटतात, तिथे आपला शब्दही मिटणारा हवा. गाण्यात तर शब्द बदलायचीही सोय नाही, आणि समोरची जिथे सूर सोडून पुढे गेली तिथे आपण सुरात राहून तिला गाठायचं.

वर त्याच सिनेमात रिटा मोरेनो या दुसऱ्या नटीच्या वाट्याच्या ओळीही एका गाण्यात मार्नीनेच म्हटल्या. एकाच गाण्यात दोन बायकांचा आवाज एकटीचा.

काकू (बी-३०४): पैसे तरी बरे दिले का मेल्यांनी?

ताई (सी-६०२): तिने रेकॉर्डच्या विक्रीत वाटा मागितला. निर्मात्यांकडून मिळेना. शेवटी संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने स्वतःच्या वाट्यातला पाव टक्का तिला दिला.

काकू (बी-३०४): पाव टक्का! आमचा भाजीवाला याच्यापेक्षा जास्त कोथिंबीर फुकट देतो.

नाना (ए-१०१): आता हेपबर्नचं सांग. मला वाईट वाटलंय.

ताई (सी-६०२): नाना, तिनेही खूप मेहनत घेतली होती. पण बहुतेक गाणी बदलली. थोडे तुकडे तिचे राहिले. शिकवणाऱ्या प्रोफेसर हिगिन्सवर चिडून "थांब तू" म्हणते ना, त्या गाण्याची सुरुवात हेपबर्नची, मध्ये स्वप्नात शिरते तिथे मार्नी, परत राग आला की हेपबर्न.

नाना (ए-१०१): म्हणजे आपल्या 'ती फुलराणी'तलं धडा शिकवायचं स्वगत! १९७५. शिवाजी मंदिरला भक्ती बर्वेंना बघितलंय मी. मूळ नाटक दोन्हीकडे बर्नार्ड शॉचंच. पण आपल्या बाईंना उसना गळा लागला नाही. 'कट्यार'मधल्या फैय्याज घ्या, बोलल्याही त्याच, गायल्याही त्याच. आपल्या संगीत नाटकात ही लबाडी चालली नसती.

काकू (बी-३०४): नाना, नाटकात नसेल. सिनेमात आपलं काय वेगळं होतं? १९४९ च्या 'महल'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं तेव्हा लता मंगेशकर हे नाव कळलं.

ताई (सी-६०२): अगदी. पण काकू, पुढे आपल्याकडे गाणारीचं नाव नटीइतकंच मोठं झालं. मधुबालाला लताबाईंचा आवाज आहे हे सगळ्यांना माहीत, कोणाला फसल्यासारखं वाटत नाही. तिकडे मात्र नटी स्वतः गाते असंच भासवायचं. मला आपली रीत जास्त प्रामाणिक वाटते.

नाना (ए-१०१): मान्य. अर्धं.

ताई (सी-६०२): आणि नाटकाचं म्हणाल तर मार्नीही रंगभूमीवरचीच होती. १९६४ मध्येच, ज्या साली तुमचा हा सिनेमा आला, न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये ती स्वतः 'माय फेअर लेडी'च्या नाटकात नायिका एलायझा म्हणून उभी राहिली. स्वतःचं तोंड, स्वतःचा गळा. पंचाहत्तरी उलटल्यावर त्याच नाटकात हिगिन्सची आई झाली. मधल्या काळात वेबर्न, स्ट्राविन्स्की अशा संगीतकारांचं, भल्याभल्यांना न झेपणारं गायली. सिएटलच्या टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम केला, त्याला ४ एमी पुरस्कार. कॅन्सरला हरवून परत गायली. २०१६ मध्ये गेली, ८६ व्या वर्षी.

डी-२०१: आत्ता बघितलं, 'मुलान'मधली आजी गाते तोही आवाज तिचाच??

ताई (सी-६०२): फक्त गाणं. बोलणारी आजी वेगळी, जून फोरे. 'मेरी पॉपिन्स'मधल्या बदकांचाही आवाज दिलाय मार्नीने.

काकू (बी-३०४): ती हंसजातीतली असावीत, गूझ म्हणतात ना ती.

ताई (सी-६०२): काकू 🙏

डी-२०१: ताई, तुमचं नाव येतं का शेवटी?

ताई (सी-६०२): ४ वर्षं एका कार्टूनमधल्या मुलाचा मराठी आवाज करतेय. शेवटी स्टुडिओचं नाव येतं. तेही पुढच्या भागाची जाहिरात सुरू होते म्हणून अर्धंच दिसतं.

नाना (ए-१०१): कुठलं कार्टून?

ताई (सी-६०२): निळी टोपी घालून सारखा "आईऽऽ, माझं काही चुकलं नाही" म्हणतो तो.

नाना (ए-१०१): अगं!! संध्याकाळी ६ ला आमच्या घरात रोज तूच किंचाळत असतेस? नातवाने त्याच्यापायी जेवण सोडलंय.

ताई (सी-६०२): माफ करा नाना 😄

नाना (ए-१०१): माफ कसलं. त्याला सांगितलं, तो कार्टा आपल्या सहाव्या मजल्यावर राहतो. विश्वास ठेवत नाही.

ताई (सी-६०२): थांबा, अंधेरी आलं. पूल चढून जरा आडोशाला जाते.

ताई (सी-६०२): 🎤 ०:०७

काकू (बी-३०४): नाना, काय म्हणाला?

नाना (ए-१०१): काही नाही. फोन उलटा करून मागे बघतोय.

सेक्रेटरी: खुर्च्या अजून ९ आहेत.