पॅकमध्ये पाणी, आरपीएन ९०: फाइल बंद करायची का?

रबाळेकर:
ठाणे-बेलापूर पट्ट्यात स्कूटरचे बॅटरी पॅक जुळवणाऱ्यांत एक रीत घट्ट बसलीय. एफएमईएत, म्हणजे संभाव्य बिघाडांचा धोका आधीच मोजायच्या तक्त्यात, आरपीएन (तीन गुणांचा गुणाकार) १०० च्या आत आला की विषय मिटला. गणित बघा. पॅकमध्ये पाणी शिरणे: सिव्हिरिटी (परिणाम किती गंभीर) १०, ऑकरन्स (किती वेळा घडेल) ३, डिटेक्शन (आधी सापडणं किती अवघड) ३, गुणाकार ९०. डिस्प्ले लुकलुकणे: ५, ६, ४, गुणाकार १२०. म्हणजे डिस्प्लेवर मीटिंगा आणि पाण्याला सुट्टी! सिव्हिरिटी ९-१० असेल तिथे गुणाकार बघूच नये. प्रत्येक पॅकची लीक टेस्ट, सॅम्पलिंग बंद.

गास्केट:
आरपीएनला शिव्या घालून काय मिळणार? २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहनउद्योग संघटना) पुस्तिकेने त्याच्या जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आणली, म्हणजे तिन्ही गुणांवरून हाय, मीडियम की लो ते सांगणारा तक्ता. त्या तक्त्यातही १०-३-३ ला 'लो'च येतं. ऑकरन्स ४ करा, लगेच 'हाय'. खरं भांडण ऑकरन्सच्या त्या ३ शी आहे. घोडबंदर रोडचे खड्डे नि जुलैतलं तुंबलेलं पाणी धरून तो लिहिलाय, की जुन्या शीटवरून उचललाय?
शिवाय लाइनवर तुम्ही नवं कोरं गास्केट (झाकणाखालचं रबरी सील) तपासता. वापरात रबर दबून बसतं, मग फटी पडतात. त्यामुळे आधी व्हायब्रेशन, मग तोच पॅक आयपीएक्स७ या बुडवण्याच्या चाचणीला, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. क्रम उलटा केलात तर चाचणी कागदापुरती.

रबाळेकर:
३ चं मान्य. पण राहून गेलेला स्क्रू, वाकलेलं झाकण, गास्केटखाली अडकलेला धागा डिझाइनला कसा दिसणार? ते लाइनवरच सापडतं.

खाडीकाठ:
सापडतं, तापमान सांभाळलंत तर. प्रेशर डिकेत, म्हणजे हवा भरून दाब किती पडतो ते बघायच्या लीक टेस्टमध्ये, बंद पॅकमधली हवा १ अंशाने बदलली की दाब सुमारे ३४० पास्कलने हलतो. चार्जिंगवरून गरमागरम आलेला पॅक टेस्टमध्ये निवतो आणि चांगला असून फेल होतो. हे परवडलं. एसी स्टोअरमधून महाप्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलेला पॅक तापतो, दाब चढतो, गळती झाकली जाते. पास! पॅक शेडच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, आणि दर पाळीला ठरावीक गळतीचा मास्टर (मुद्दाम गळका नमुना) लावून मशीन पकडतं का बघा.

गास्केट:
त्यात ब्रीदर, म्हणजे आतबाहेरचा दाब सारखा ठेवणारी हवेची वाट. लीक टेस्टला तो बुच लावून बंदच असतो. रस्त्यावर चिखलाने बुजला की गरम पॅक पाण्यात जाताच आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. रबाळेकर, तुमच्या डिझाइन एफएमईएत ही ओळ आहे?

रबाळेकर:
नाही. घालतो. ऑकरन्स ६ धरून. लीक टेस्ट मात्र शंभर टक्केच राहणार.