ड्रायवॉलच्या जोडाला काय म्हणावं: सांधा, फट, भेग की दरज?

प्रश्न: इथे न्यू जर्सीत तळघराच्या भिंतींना मी स्वतः जिप्सम बोर्ड म्हणजे ड्रायवॉल बसवतोय. भावासाठी कृती मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत अडलो. दोन बोर्डांमधल्या रेषेला काय म्हणू? ‘ड्रायवॉल’ला ‘कोरडी भिंत’ लिहिलं, तर आईने विचारलं, बाकीच्या भिंती ओल्या असतात का?

उत्तर: आईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. इथे कोरडी म्हणजे ओला गिलावा न करता उभी केलेली. पाण्याचं तर या बोर्डाला भयच. ‘जिप्सम बोर्ड’च ठेवा, कारागिरांना तोच कळतो.

रेषेसाठी मी ‘दरज’ घेईन. फारसीत दर्ज म्हणजे शिवण, म्हणून शिवणारा तो दर्जी. गवंडी दगडी भिंतीच्या दरजा भरतात, तोच हा शब्द. (प्रत या अर्थाचा ‘दर्जा’ वेगळा, तो अरबीतला.) भेग मागाहून पडते, दरज बांधतानाच असते. शिवण हा अर्थ इथे तंतोतंत बसतो, कारण नुसती लांबी भरली तर बोर्ड जरा हलताच त्याच रेषेत भेग येते. दोन्ही बाजूंना धरून ठेवते ती टेप.

प्रश्न: लांबी म्हणजे पुट्टी ना? आणि टेप कागदी घेऊ की जाळीची?

उत्तर: हो, रंगारी पुट्टीलाच लांबी म्हणतात. मी कागदीच घेतो. तिच्या मधोमध घडी असते, त्यामुळे कोपऱ्यात नीट बसते. मात्र खाली लांबी कमी पडली की फुगा येतो आणि तेवढा तुकडा कापून पुन्हा करावा लागतो. जाळीची चिकटवायला सोपी, पण तिच्यावर पहिला हात पाण्यात कालवून घट्ट होणाऱ्या पावडरीचा द्या, डब्यातल्या तयार लांबीचा नको.

लांबी लावायचा पत्रा दर हाताला रुंद घ्या: 6 इंची, मग 10, शेवटी 12. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातूनच उतरत्या येतात, तिथे टेप खोलगट जागेत बसते. आखूड कडा सपाट असतात. तिथे उंचवटा येणारच, म्हणून लांबी दोन्हीकडे फूटभर पसरवा. वाळल्यावर बॅटरी भिंतीला टेकवून आडवा उजेड पाडा, राहिलेली धार लगेच दिसते.

प्रश्न: मग ‘दरज शिवा’ असं लिहू?

उत्तर: नको, कामावर असं कुणी म्हणत नाही. ‘दरजेवर टेप मारा, लांबी भरा, कड शून्यावर आणा’ (म्हणजे कडेचा थर भिंतीत मिसळेल इतका पातळ करा) एवढं लिहा.