स्मरणिकेसाठी फॉन्ट कुठला घ्यावा? (मराठी + तेलुगू + कन्नड)

चाटीगल्ली_वाचक:
नमस्कार मंडळी. पूर्व भागातल्या आमच्या वाचनालयाची स्मरणिका काढायचीय, ए५ साइज. लेख बहुतेक मराठीत, पण सोलापूर म्हटल्यावर काही जुन्या सभासदांच्या आठवणी तेलुगूत न् कन्नडमध्ये आल्यात, त्या तशाच छापायच्यात. वाचणारे निम्मे साठीच्या पुढचे. वर्डमध्ये सगळं मंगलमध्ये टाइप केलंय, स्क्रीनवर ठीक वाटतं पण प्रिंट काढली की पान रुक्ष दिसतं आणि तेलुगू पान तर दुसऱ्याच पुस्तकातलं वाटतंय. प्रेसवाले म्हणतात श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) करून द्या. काय करू?

डीटीपीवाली_ताई:
दादा, श्रीलिपीत परत करू नका. तिच्या जुन्या फॉन्टात अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात, कन्व्हर्टरमधून काढलं की ऱ्य, ॲ असली अक्षरं फुटतात आणि मग प्रूफ वाचता वाचता जीव जातो. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली पीडीएफ द्या, प्रेसला तेवढी पुरते.
मंगल र. कृ. जोशींचं काम, विंडोजबरोबर घरोघरी युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी) मराठी पोचली ती त्याच्यामुळे, त्याबद्दल आदरच आहे. पण पुस्तकाच्या पानाला मी 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट घेईन. जाड-बारीक रेघ आहे, ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन वेगवेगळे मिळतात, मराठीच उतरवा. टिरो तेलुगू आणि टिरो कन्नडही आहेत, मूर्ती क्लासिकल लायब्ररी या जुन्या भारतीय साहित्याच्या ग्रंथमालेतल्या पुस्तकांसाठी केलेल्या अक्षरांतून आलेले, म्हणजे तिन्ही पानं एका घरातली दिसतील. सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट.
एकच अडचण, टिरोला बोल्ड नाही. बोल्डचं बटण दाबलं तर वर्ड खोटं बोल्ड करतं, क, ष च्या पोटातली जागा भरून जाते, ते अजिबात करू नका.

अक्षरवेडा_सोलापूर:
ताईंशी सहमत, फक्त हेडिंगला 'अनेक' नावाचा फॉन्ट घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा आहे, देवनागरी, तेलुगू, कन्नड तिन्हींत, खरं बोल्डपण मिळतं न् रुंदीपण कमीजास्त करता येते, त्यामुळे लांबलचक मथळा एका ओळीत बसवता येतो. लग्नपत्रिकेतले नक्षीदार फॉन्ट मात्र आत कुठेही नकोत, कव्हरवरसुद्धा नकोत असं माझं स्पष्ट मत आहे.
आणि फॉन्ट स्क्रीनवर बघून ठरवू नका. एक खरं पान लावा, ज्या कागदावर छापणार त्यावरच प्रिंट काढा, आणि त्यात हे शब्द मुद्दाम टाका: विठ्ठल, पद्मशाली, सिद्धेश्वर, उद्घाटन, कर्तृत्व, दऱ्याखोऱ्या. ठ्ठ चा खालचा ठ पुढच्या ओळीच्या वेलांटीला टेकतोय का बघा. टेकत असेल तर अक्षर लहान करू नका, ओळींतलं अंतर वाढवा. १३ पॉइंटला १९-२० अंतर लागतंच, इंग्रजीच्या हिशोबाने १५-१६ ठेवलं की मात्रा न् उकार एकमेकांत घुसतात आणि आजोबा लोक दोन पानांत पुस्तक मिटतात.

चाटीगल्ली_वाचक:
ताई, दादा, खूप खूप धन्यवाद. विठ्ठल आमच्या पहिल्याच लेखात आहे आणि तिथंच टेकत होतं, माझं लक्षच नव्हतं! प्रेसमधला मुलगा इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं अडोबीचं सॉफ्टवेअर) लावतो म्हणाला, पण त्याच्याकडे वेलांट्या मागेपुढे होतायत.

डीटीपीवाली_ताई:
त्याला सांगा पॅराग्राफच्या मेनूत अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवड, वेलांट्या जागेवर येतील. भाषा मराठी ठेवायला सांगा. आणि तेलुगू पानाचं प्रूफ तेलुगू वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या, पूर्व भागात घरटी एक मिळेल.

चाटीगल्ली_वाचक:
ज्यांची आठवण आहे त्या आजींनाच दाखवतो. सोमवारी मॅपलिथो कागदावर दोन पानं काढून फोटो टाकतो इथं.