पुण्यात सुरू झालेली एडीएचडीची गोळी, इंदूरमध्ये डोस कोणाकडून ठरवून घ्यायचा?

राजेंद्रनगरकर:
नमस्कार मंडळी. मी सदतीस वर्षांची, मूळ इंदूरचीच. नोकरीपायी बरीच वर्षं पुण्यात काढली, आता आईबाबांजवळ परत आलेय. पलासियाला एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीचं काम बघते.

पुण्यात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही त्या विकाराचं, निदान झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलं. आधी साधी १० मिलिग्रॅमची, मग सकाळी २० ची एसआर, म्हणजे सावकाश सुटणारी. लागू पडली, यात शंकाच नाही. जीएसटीआर-२बी (खरेदीवरच्या कराचा पोर्टलवरचा तक्ता) आणि खरेदीचं रजिस्टर जुळवायला बसले की पूर्वी दर चार ओळींनी मी फोन, पाणी, खिडकी अशी चक्कर मारून यायचे. आता शेवटच्या ओळीपर्यंत एका बैठकीत जाते. घोडं अडतं ते दुपारी. अडीचच्या सुमाराला गोळी उतरते. मग एकच बिल तीनतीनदा वाचायचं आणि तरी रक्कम चुकीच्या रकान्यात जाते. संध्याकाळी घरी आले की आईने नुसतं "चहा टाकू का?" विचारलं तरी मी खेकसते.

पुण्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलले. त्यांचं म्हणणं, दुपारी एक छोटी गोळी जोडता येईल किंवा जास्त तास टिकणारी घेता येईल, पण हे औषध व्हिडिओवर लिहून देता येत नाही, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत मनाई आहे. इंदुरातच कोणाला तरी दाखवा.

दाखवलं. खासगी क्लिनिक, नाव लिहीत नाही. हजार रुपये फी, बाहेर दोन तास ताटकळणं, आत जेमतेम आठ मिनिटं. फाइल समोर ठेवली ती तशीच राहिली. "ये तो बच्चों की बीमारी है मैडम, आप तो नौकरी कर रही हैं." मग एटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचंच दुसरं औषध लिहून दिलं. ही बंद करा, ती सुरू करा, महिन्याने या. दुपारचा विषय काढला तर पर्ची फाडून हातात.

आता विचारायचं ते असं. चालणारी गोळी अशी सरसकट बदलतात का? दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तर "ही गोळ्या मागत दारोदार फिरते" असा शिक्का बसतो का? आणि मुळात ही मिळते कुठे? घराजवळच्या मेडिकलवाल्याने नाव वाचलं आणि पर्ची दोन बोटांत धरून परत केली.

योग कर, मोबाइल कमी कर, हे घरी मामांकडून रोज मिळतं. इथे तरी नको, प्लीज.

दवाबाजारी:
ताई, मेडिकलवाल्याचा राग मनात ठेवू नका. मी याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत, येतं. ते विकायला साध्या परवान्यावर भागत नाही, फॉर्म २०एफचं वेगळं लायसन्स लागतं. माल कुलपात ठेवायचा, नोंद वेगळी, पर्ची दोन प्रतींत, त्यातली एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवायची. शिवाय एनडीपीएसमध्येही, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही, नाव आहे. महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं असलेल्या औषधासाठी कॉलनीतला दुकानदार एवढा व्याप कशाला करेल? तो "नहीं आता" म्हणून मोकळा होतो.

स्ट्रिपवर वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल रंगात एक्सआरएक्स छापलेलं असतं, ते बघून घ्या. इन्स्पिरल, अ‍ॅडवाइज अशी नावं चालतात. दवा बाजारात किंवा एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलमध्ये विचारा, पण हेलपाटा घालण्याआधी फोन करा. फोनवर नुसतं नाव सांगू नका, "शेड्यूल एक्स का लायसन्स है क्या" असं विचारा, उत्तर लगेच मिळतं. डॉक्टरांकडून पर्ची दोन प्रतींत घ्या, वर तारीख आणि किती दिवसांच्या गोळ्या ते स्पष्ट. एकदा माल दिलेल्या पर्चीवर पुन्हा देता येत नाही, डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तरच. त्यामुळे गोळ्या संपायच्या आदल्या दिवशी धावत येणारे आमच्या डोक्याला ताप असतात. (तुम्हाला नाही म्हणत.)

अवांतर: एसआर अर्धी करू नका, चावू नका. लोक पैसे वाचवायला करतात. सावकाश सुटायला बनवलेली गोळी मोडली की औषध एकदम सुटतं.

बडोद्याचा_एटोमॉक्सेटिनवाला:
डॉक्टर उद्धट वाटले हे मान्य, पण औषधाला शिव्या नकोत. मी स्वतः एटोमॉक्सेटिनवर आहे आणि माझं बरं चाललंय. दुपारी उतरणं वगैरे भानगड नाही, सकाळी घेतली की दिवसभर सारखीच. शेड्यूल एक्स नाही, त्यामुळे मांडवीपासून अलकापुरीपर्यंत मला कुठेही मिळते. बरेच डॉक्टर हिच्याकडे वळतात त्यामागे हेही कारण असावं, हा माझा अंदाज.

पण एक गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगायला हवी होती. हिचा पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तच. मिथाइलफेनिडेट त्याच दिवशी काम करतं. म्हणजे आज ती बंद आणि उद्या ही चालू केली, तर मधले आठवडे तुम्ही बिनगोळीच्याच. काही डॉक्टर थोडे दिवस दोन्ही सोबत चालवून मग एक काढतात. विचारा त्यांना. जीएसटीत आहात ना, मग मार्चमध्ये तर हा प्रयोग मुळीच नको.

सुरुवातीला मला पोटात ढवळायचं, ते रिकाम्या पोटी घेत होतो म्हणून. जेवणावर घेतल्यावर थांबलं. तोंड कोरडं मात्र अजून पडतं. आणि डिप्रेशनची पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन चालू असेल तर आधी सांगा, त्यांच्यामुळे रक्तातलं एटोमॉक्सेटिन वाढतं.

राहिलं "बच्चों की बीमारी". डीएसएम-५, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची निदानाची पुस्तिका, तिने २०१३ पासून सतरा आणि त्यापुढच्यांसाठी निकषच वेगळा दिलाय: पाच लक्षणं पुरतात, फक्त काही लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत तर मोठ्यांसाठीही मिथाइलफेनिडेट पहिल्या पसंतीत आहे आणि माझी गोळी त्याच्या नंतर. हे मी माझ्याच विरोधात लिहितोय.

नाना_लष्करवाले:
आमच्या वेळी मास्तर दोन छड्या द्यायचे, लक्ष आपोआप लागायचं. ब्राह्मी घ्या.

ग्वाल्हेरची_काकू:
नाना, ग्वाल्हेरात तुमच्याच लष्कर भागात राहते, म्हणून हक्काने सांगते: छड्या खाऊनही ज्यांचं लक्ष लागलं नाही ते दहावी नापास होऊन दुकानात बसले, त्यांना विचारा एकदा.

राजेंद्रनगरकर, माझा मुलगा नववीत आहे, चौथीपासून गोळी चालू. आम्हीही खासगीतच दाखवतो. सात-आठ मिनिटंच मिळतात हे धरून चाललं की काम होतं. मी बोलत नाही, कागद देते. एकच पान. डाव्या बाजूला तास, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. गोळी कधी घेतली, कधी चढली, कधी उतरली, जेवला किती, झोपला कधी. खाली वजन आणि नाडी. दोन आठवड्यांचं पान समोर ठेवलं की डॉक्टर आपण होऊन म्हणतात, "अच्छा, चार बजे उतर रही है." आपण "दुपारचा डोस वाढवा" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी येते. कागद म्हणाला की येत नाही. मुलाची उंचीही दर खेपेला मोजून घेते, भूक मरते त्यामुळे. तुमच्या बाबतीत नाडी आणि बीपी. घरी मशीन असेल तर गोळीच्या आधी आणि नंतर दोन तासांनी बघा.

चहा किती होतो? ऑफिसात पाच-सहा कप होत असतील तर तेही लिहा. धडधड गोळीची की चहाची, मग कळत नाही.

डॉक्टर खुशाल बदला. शिक्का बसतो तो लपवून दोघांकडून पर्ची घेणाऱ्याला. तुम्ही पुण्याहून केस समरी मागवा, निदान कशावरून केलं, कोणता डोस कधी दिला, काय त्रास झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला आपल्या नोंदी मागण्याचा हक्क दिलाय, त्यामुळे उपकार म्हणून मागू नका. नवीन डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आधी अमक्यांना दाखवलं, त्यांनी हे दिलं, ते मी सुरू केलेलं नाही. आणि आईला सोबत न्या. लहानपणचं तीच सांगू शकते.

राजेंद्रनगरकर:
काकू, दवाबाजारी दादा, बडोदेकर, सगळ्यांचे आभार. नानांचेही, बाबा वाचून खूप हसले.

जरा उशिराने लिहितेय. या वेळी नंबर लावण्याआधी रिसेप्शनला फोनवरच विचारलं, "डॉक्टर साहब बड़ों का एडीएचडी देखते हैं?" दोन ठिकाणी "वो क्या होता है" आलं, एका ठिकाणी "हाँ, पुराने काग़ज़ ले आइए". तिथे गेले. आई सोबत होती, तिने माळ्यावरच्या पेटीतून प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं काढली होती. चौथीच्या शेऱ्यात बाईंनी लिहिलंय: "वर्गात असून नसल्यासारखी. डबा रोज विसरते." डॉक्टरांनी तो शेरा मोठ्याने वाचला, आईकडे बघितलं, आणि आई चक्क सुरूच झाली. स्वेटर किती हरवले ते रंगांसकट.

एटोमॉक्सेटिन सध्या नको म्हणाले, चालू गोळीला गुण आहे तोवर तिचीच वेळ नीट बसवू. काकूंच्या पद्धतीने लिहिलेल्या पानावर अडीचची वेळ ओळीने दिसली तेव्हा त्यांनी सकाळची एसआर तशीच ठेवून दुपारी एकला साधी १० ची जोडली, जेवण झाल्यावर. दोननंतर आठवली तर त्या दिवशी सोडून द्यायची, नाहीतर रात्री झोपेचं खोबरं. रविवारी दुपारची नाही. नाडी शंभरच्या वर राहायला लागली तर भेटीची वाट न बघता फोन करायचा. संध्याकाळच्या चिडचिडीबद्दल म्हणाले की गोळी उतरताना असं होतं, दुपारच्या गोळीने ती कमी होते की नुसती रात्री आठवर ढकलली जाते ते पानावर दिसेल.

पुढची भेट त्यांनी १८ तारखेची दिली होती, मी २२ करून घेतली. २० ला ३बी हे जीएसटीचं मासिक विवरण भरायचं असतं, त्या आठवड्यात मला कोणीही कुठेही बोलावू नये.

दवाबाजारी दादा, साधी १० ची तुमच्याकडे असते का?

दवाबाजारी:
असते, पण मोजकीच. दोन दिवस आधी फोन करून या. आणि एसआर आणि साधी, दोन्ही एकाच पर्चीवर लिहून आणा, प्रती दोन. मागच्या महिन्यात एक जण मोबाइलमधला फोटो घेऊन आला होता, त्याला तसाच परत पाठवला.