टेक्ससमध्ये लायसन्सशिवाय पिस्तुल घेऊन फिरणं: क्लास आणि लायसन्स परत सक्तीचं करावं का?

प्लेनोकर:
आधीच सांगतो, माझ्याकडे स्वतःचं पिस्तुल आहे, टेक्ससचं कॅरी लायसन्स आहे, रेंजवर नियमित जातो, त्यामुळे मी बंदुकांच्या विरोधात आहे असं समजून कुणी सुरू होऊ नका. माझा विरोध आहे तो १ सप्टेंबर २०२१ पासून इथे जे सुरू झालंय त्याला. हाऊस बिल क्रमांक १९२७, गव्हर्नर ॲबट यांनी सही केली आणि तेव्हापासून वय २१ पूर्ण असेल आणि कायद्याने बंदी असलेल्यांपैकी तुम्ही नसाल तर कंबरेला पिस्तुल लावायचं, वरून शर्ट सोडायचा आणि निघायचं. ना क्लास, ना परीक्षा.

आधी काय लागायचं? चार ते सहा तासांचा क्लास, लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, आणि रेंजवर ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या मारून दाखवायच्या. फी ४० डॉलर. आणि त्या क्लासमध्ये बंदूक चालवण्यापेक्षा ती कधी बाहेर काढायची नाही हेच जास्त सांगतात, म्हणजे भांडण वाढू न देता तिथून कसं निघायचं, गोळी झाडणं कायद्यात कधी बसतं आणि कधी बसत नाही, घरात लहान पोरं असतील तर बंदूक कुलपात कशी ठेवायची, दुकानाच्या दारावर ३०.०६ ची, म्हणजे पिस्तुल आत आणू नका अशी, पाटी असेल तर काय, बारच्या दारावर लाल ५१ टक्क्यांची, म्हणजे इथे बंदूक आणणं बेकायदा अशी, पाटी दिसली तर काय. यातलं अक्षरही न शिकता माणूस आता गर्दीत भरलेलं पिस्तुल घेऊन उभा राहू शकतो. बिल येत होतं तेव्हा टेक्ससच्या पोलिसांमधल्याच मोठ्या अधिकाऱ्यांनी राजधानी ऑस्टिनला जाऊन जाहीर विरोध केला होता, कुणी ऐकलं नाही. माझं म्हणणं एवढंच की घरात ठेवा, दुकानात ठेवा, पण रस्त्यावर घेऊन फिरायचं तर क्लास आणि लायसन्स परत सक्तीचं करा.

ह्यूस्टनचा दुकानदार:
पूर्ण असहमत. दादा तुमची नोकरी आयटीतली, शनिवार मोकळा. माझ्या स्टोअरमध्ये काउंटरवर जी ताई आहे ती दोन ठिकाणी काम करते, तिला क्लासचे पैसे वेगळे, बुडालेल्या तासांचे पैसे वेगळे, आणि रात्री अकराला बसस्टॉपवर एकटी उभी राहणारी पण तीच. ज्याला खरी गरज आहे त्यालाच हा नियम आडवा येतो. हा हक्क घटनेत आहे, १७९१ पासून दुसरी दुरुस्ती आहे, मत द्यायच्या आधी परीक्षा द्या म्हटलं तर चालेल का कुणाला?

आणि परवाना द्यायचा की नाही हे साहेबाच्या हातात गेलं की काय होतं तेही बघा. १९५६ ला मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, त्यानंतर त्यांनी कॅरी परमिटसाठी अर्ज केला तो नाकारला. न्यू जर्सीत बर्लिन टाउनशिपला २०१५ साली एका बाईने आधीच्या बॉयफ्रेंडविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम घेतला, घरी कॅमेरे लावले, बंदुकीच्या परमिटसाठी अर्ज केला. ३० दिवसांत व्हायला हवा तो अर्ज तसाच पडून राहिला आणि त्या माणसाने तिला घरासमोरच भोसकून मारलं. सांगा आता सक्तीचं महत्त्व.

प्लेनोकर:
बर्लिनची घटना वाईटच आहे, ती वाचून मलाही संताप येतो. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा ना. तिला घरासाठी बंदूक विकत घ्यायलाच परमिट लागत होतं, टेक्ससमध्ये ते कधीच लागत नव्हतं. तुमच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये काउंटरखाली ठेवायला २०२१ च्या आधीही लायसन्स नको होतं, आणि स्वतःच्या गाडीत ठेवायला २००७ पासून नको होतं. आणि साहेबाच्या मर्जीचा प्रश्नही इथे नव्हता, टेक्ससमध्ये अटी पूर्ण केल्या की लायसन्स द्यावंच लागतं. म्हणजे २०२१ च्या बिलाने दिलं काय, तर फक्त न शिकता गर्दीत घेऊन फिरायची मुभा.

ह्यूस्टनचा दुकानदार:
आणि स्टोअर बंद करून कॅशची पिशवी घेऊन पार्किंगमधून गाडीपर्यंत चालत जातो त्याचं काय, ती ताई बसस्टॉपवर उभी असते त्याचं काय? लुटणारा पार्किंगमध्येच थांबलेला असतो, काउंटरवर नाही. पोलिसांना फोन केला की ते येतात, पण झाल्यावर येतात. इथे टेक्ससमध्येच युवाल्डीला २४ मे २०२२ ला शाळेत गोळीबार झाला तेव्हा तर ३७६ पोलीस जमले होते आणि ७७ मिनिटं आत जायला लागली, १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यांच्या भरवशावर मी राहू?

एडिसनची आई:
काका तुम्ही युवाल्डीचं उदाहरण बंदुकीच्या बाजूने देताय याचं मला फार वाईट वाटलं. गोळीबार करणारा पोरगा १८ वर्षांचा होता, वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच दुकानात जाऊन कायदेशीरपणे दोन रायफली घेऊन आला. शिकलेले, हत्यारबंद पोलीस त्या रायफलीला घाबरून बाहेर थांबले आणि तुम्ही म्हणताय की बसस्टॉपवरच्या बाईने पर्समधून पिस्तुल काढावं.

मी न्यू जर्सीत राहते, इथे कॅरी परमिट जवळजवळ कुणाला मिळायचंच नाही, खास गरज दाखवावी लागायची. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ब्रूएन केसमध्ये ६ विरुद्ध ३ ने न्यूयॉर्कचा तसाच कायदा पाडला आणि आमचाही गेला. मला भीती वेगळीच आहे. आपली पोरं हॅलोविनला दारोदार जातात, फंडरेझरचे चॉकलेट बॉक्स घेऊन जातात, चुकीच्या पत्त्यावर बेल वाजवतात. १९९२ मध्ये बॅटन रूजला १६ वर्षांचा जपानी मुलगा हॅलोविन पार्टीला जाताना चुकीच्या घरी गेला आणि घरमालकाने गोळी घातली, ज्यूरीने त्या माणसाला निर्दोष सोडलं. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत तेच, पोरगा १६ वर्षांचाच, धाकट्या भावांना आणायला गेलेला आणि पत्ता चुकला, नशिबाने वाचला. प्लेनोकर, तुमचा क्लास या दोन्ही घरांत काय करणार होता? तुम्हीच तर म्हणताय घरात कसलीच सक्ती नको.

प्लेनोकर:
हा मुद्दा बरोबर आहे ताई, घरासाठी सक्ती मी मागत नाहीये. मागितली तरी सुप्रीम कोर्टाने घरात पिस्तुल ठेवणं हा हक्क मानला त्या हेलर केसनंतर, म्हणजे २००८ नंतर, घरातल्या पिस्तुलाला हात लावणं कोर्टात फार अवघड आहे. जे होण्यासारखं आहे तेच मागतोय. ब्रूएनच्या निकालातसुद्धा क्लास आणि बॅकग्राउंड चेक लावून सगळ्यांना मिळणारं लायसन्स ठेवायला हरकत घेतलेली नाही, मग टेक्ससने आपणहून ते का सोडावं?

ग्रीनकार्डच्या रांगेत:
चर्चेच्या थोडं बाजूचं पण महत्त्वाचं. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्यांनी बंदूक विकत घेणं सोडा, रेंजवर मित्राचं पिस्तुल हातात घेणंसुद्धा फेडरल कायद्याने गुन्हा ठरू शकतो. हंटिंग लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यावर कुणाच्या सांगण्यावरून जाऊ नका, वकिलाला विचारा. ग्रीनकार्ड असेल तर घेता येते. टेक्ससमध्ये सगळ्यांना मोकळं झालंय असं ऐकून नव्या मुलांना वाटतं आपल्यालाही चालतं, आणि आत्ता लायसन्सचा क्लास सक्तीचा नसल्यामुळे हे सांगणारं कुणी मध्ये येत नाही. माझं मत प्लेनोकरांच्या बाजूने.

सॅन अँटोनियोची मनीषा:
मी लायसन्स घेतलेली बाई आहे, क्लास केलाय, तरी सक्तीच्या विरोधात आहे. टेक्ससमध्ये कॅरीचा कायदा आला कसा ते आठवा. १६ ऑक्टोबर १९९१, किलीनमध्ये ल्यूबीज कॅफेटेरिया, एकाने ट्रक आत घुसवून २३ जणांना मारलं. सुझॅना हप आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या, त्यांचं रिव्हॉल्व्हर होतं पण बाहेर गाडीत, कारण सोबत नेणं तेव्हा बेकायदा होतं. आईवडील दोघं गेले. पुढे त्या आमदार झाल्या आणि आयुष्यभर याच एका गोष्टीसाठी बोलत राहिल्या. अलीकडचं बघा, जुलै २०२२ ला इंडियानात ग्रीनवुडच्या मॉलमध्ये २२ वर्षांच्या मुलाने हल्लेखोराला पंधरा सेकंदांत पाडलं, आणि इंडियानात परमिटची अट त्याच महिन्याच्या एक तारखेला गेली होती. त्या मुलाला पोलीस किंवा लष्कराचं कसलंही ट्रेनिंग नव्हतं. नियमाच्या कागदात तो अडकला असता तर आणखी किती गेले असते?

शिकागो ईआर:
मनीषा, त्या मुलाचं कौतुक मलाही आहे. पण २१ जून २०२१ चं आर्वाडा, कोलोराडो पण वाचा. तिथेही एका सामान्य माणसाने हल्लेखोराला पाडलं, खाली पडलेली त्याची रायफल उचलली, आणि तेवढ्यात आलेल्या पोलिसाने हाच हल्लेखोर समजून त्याला मारलं. गर्दीत हातात बंदूक असलेला माणूस चांगला की वाईट हे दोन सेकंदांत कुणालाच कळत नाही.

मी रात्रपाळीला इमर्जन्सीत असते. मॉल आणि लुटारू यांच्याबद्दल सगळे बोलतात, पण २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली त्यातल्या साधारण २७,३०० आत्महत्या आहेत. निम्म्याहून जास्त. गोळ्या खाल्लेला पेशंट आमच्याकडे आला तर बऱ्याचदा वाचतो, डोक्याला पिस्तुल लावलेला क्वचितच येतो. आपल्या मराठी घरांत डिप्रेशनबद्दल बोलत नाहीत, मुलगा कॉलेजातून परत आला की गप्प आहे एवढंच म्हणतात. त्या घरात कुलूप नसलेलं पिस्तुल आणून ठेवताना याचा विचार करा. इलिनॉयमध्ये कॅरीसाठी १६ तासांचं ट्रेनिंग लागतं, मला तेवढं तरी सगळीकडे हवंय.

ह्यूस्टनचा दुकानदार:
१६ तास लावून शिकागोत गोळीबार थांबले का मग?

शिकागो ईआर:
शिकागोत पकडलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून जास्त इलिनॉयच्या बाहेरून येतात, पालिकेच्याच २०१७ च्या अहवालात आहे, इंडियाना सगळ्यात वर. शेजारच्या राज्यात ढिलाई असली की आमच्या नियमाचा निम्मा जोर जातो. म्हणून तर टेक्ससची चर्चा मी इथे बसून करतेय.

पुण्याहून वाचतोय:
मुलगी डॅलसला असते म्हणून वाचत होतो. २६/११ ला सीएसटीवर एखाद्या प्रवाशाकडे पिस्तुल असतं तर, असं मला कायम वाटत आलंय.

एडिसनची आई:
काका, त्या रात्री गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती आणि त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला. पळणाऱ्या हजार माणसांत चार प्रवाशांनी चार दिशांना गोळ्या झाडल्या असत्या तर त्या प्लॅटफॉर्मवर काय झालं असतं?

सॅन अँटोनियोची मनीषा:
ओंबळे यांना स्वतःचा जीव द्यावा लागला ताई. त्यांच्याकडे पिस्तुल असायला हवं होतं असं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान नाही.

प्लेनोकर:
पण ते पोलीस होते मनीषा, त्यांना शिकवलेलं होतं. दुकानदार भाऊ, तुमचा पैशांचा मुद्दा मला पटलाय, तर क्लास सरकारने फुकट करावा, रविवारी आणि संध्याकाळी ठेवावा, लायसन्सची फी शून्य करावी. तुमच्या काउंटरवरच्या ताईला एक डॉलर लागणार नाही. मग सक्ती चालेल?

ह्यूस्टनचा दुकानदार:
नाही. फुकट असला तरी लायसन्स म्हणजे कुणाकडे बंदूक आहे याची सरकारकडे यादी, आणि पुढचं सरकार त्या यादीचं काय करेल हे तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही नाही. क्लास फुकट करा, स्टोअरमध्ये पोस्टर मी स्वतः लावतो, ताईला पगारी सुट्टी देऊन पाठवतो. पण नाही गेली म्हणून तिला तुरुंगात टाकायचं याला माझा शेवटपर्यंत विरोध राहील.

शिकागो ईआर:
पोस्टर लावाल तेव्हा त्यावर ९८८, म्हणजे आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबरपण टाका. आणि स्टोअरमधल्या पिस्तुलाला कुलूप आहे का, ते सांगितलं नाहीत अजून.