‘क्यू अँड ए’ : चौकशीसाठी रायलीचीच निवड का?

प्रश्न : सिडनी ल्युमेट यांच्या १९९० सालच्या या चित्रपटात न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी ब्रेनन एका गुन्हेगाराला गोळी घालून स्वसंरक्षणाचा बनाव रचतो आणि जबाब नोंदवण्याचे काम अल रायली या नवख्या सरकारी वकिलाकडे येते. प्रकरण दडपायचेच होते, तर एखादा मुरलेला वकील अधिक सोयीचा नव्हता का?

उत्तर १ : मुरलेल्या वकिलाने नको ते प्रश्न विचारले असते. रायली स्वतः पूर्वी पोलिसात होता, त्याचे दिवंगत वडीलही नावाजलेले पोलीस होते; त्यामुळे तो खात्याची बाजू आपोआप घेईल, असा वरिष्ठ क्विन याचा हिशेब आहे. तो चुकतो, परंतु रायलीच्या सचोटीला वडिलांच्या पूर्वायुष्याचा जो अडसर आहे, तो शेवटपर्यंत सुटत नाही.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र रायलीची पूर्वीची प्रेयसी नॅन्सी हिला विसरू नये. तिचे वडील कृष्णवर्णीय आहेत हे कळताच रायलीच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, त्यामुळेच ती त्याला सोडून गेलेली असते. ब्रेननचा वंशद्वेष उघडा आहे आणि रायलीचा सभ्यतेखाली दडलेला, हे मला गोळीबारापेक्षाही अस्वस्थ करणारे वाटले.

उत्तर ३ : मूळ कादंबरीचे लेखक एडविन टॉरेस स्वतः न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश होते. कार्यालयातील दबावाचे बारकावे इतके अचूक का वाटतात, याचे कारण बहुधा तेच असावे. निक नोल्टी यांचा ब्रेनन मात्र मला थोडा भडक वाटला.